पावणेआठ एकर आणि तीन गुंठे

1 मे 2000 या दिवशी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी एक निवेदन प्रसिद्ध केले. त्यानंतर काही तासांनी, वॉशिंग्टनच्या घड्याळात मध्यरात्र उलटत असताना, पृथ्वीभोवती फिरणाऱ्या जीपीएस उपग्रहांना जमिनीवरून एक आज्ञा धाडण्यात आली आणि जगभरात लोकांच्या हातात, बोटींवर, ट्रकांमध्ये असलेली लाखो ग्राहकयंत्रे पाहता पाहता अधिक अचूक झाली. यंत्रांना कोणी हात लावलेला नव्हता की त्यांत नवा भाग बसवलेला नव्हता. बदल झाला होता तो उपग्रहांकडून येणाऱ्या संदेशात. त्यात मुद्दाम मिसळली जाणारी एक चूक बंद झाली होती.

ही चूक केवढी होती ते आपल्या ओळखीच्या मापात पाहू. त्या रात्रीपर्यंत नागरी वापराचे यंत्र जी जागा दाखवी, तिथून खरी जागा 100 मीटरपर्यंत कोणत्याही दिशेला असू शकत असे. (शंभरातल्या पंच्याण्णव वेळा या मर्यादेत; उरलेल्या पाच वेळा तिच्याही बाहेर.) 100 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे 31,400 चौरस मीटर, म्हणजे पावणेआठ एकर. चूक काढून टाकल्यावर ही त्रिज्या साधारण दहा मीटरांवर आली. त्रिज्या दहापटीने घटली की क्षेत्रफळ शंभरपटीने घटते. उरले 314 चौरस मीटर, तीन गुंठे आणि वर थोडे. पावणेआठ एकर रानात लपवलेली डबी शोधायला कोणी शहाणा माणूस जाणार नाही. तीन गुंठ्यांत मात्र पोरेसोरेही हौसेने शोधतील. जिओकॅशिंग नावाचा मैदानी छंद त्यानंतर दोनच दिवसांत जन्माला आला, तो या हिशेबातून.

ऑरेगॉनच्या रानातली बादली

डेव्ह अल्मर हे अमेरिकेच्या ऑरेगॉन राज्यातले संगणक-सल्लागार. यंत्रांची अचूकता खरोखर किती वाढली हे पडताळून पाहण्याची त्यांची युक्ती साधी होती. 3 मे 2000 रोजी बीव्हरक्रीक या गावाजवळच्या झाडीत त्यांनी एक काळी प्लॅस्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. आत काही पुस्तके, व्हिडिओफिती, संगणकाच्या आज्ञावली, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा एक हवाबंद डबा असा माल होता. सोबत नोंदवही आणि पेन्सिल. मग उपग्रहांच्या साहाय्याने मार्ग शोधण्यात रस असणाऱ्यांच्या इंटरनेटवरील एका चर्चागटात त्यांनी जागेचे आकडे जाहीर केले: उत्तर अक्षांश 45 अंश 17.460 मिनिटे, पश्चिम रेखांश 122 अंश 24.800 मिनिटे. नियम एकच. सापडल्यावर आतले काहीतरी घ्या, त्याबदली काहीतरी ठेवा आणि वहीत नोंद करा.

तीन दिवसांत दोघांनी बादली शोधून काढली. पहिले होते शेजारच्या वॉशिंग्टन राज्यातले माइक टीग. पुढे त्यांनीच अशा जागांची यादी ठेवायला सुरुवात केली.

जाहीर केलेल्या त्या आकड्यांपाशी थोडे थांबायला हवे, कारण नवशिका बहुधा तिथेच अडखळतो. शाळेत आपण अंश, मिनिटे, सेकंद असे शिकवतो. इथे मात्र सेकंद नाहीत. मिनिटांचेच दशांश अपूर्णांक केले आहेत. 17.460 मिनिटे म्हणजे 17 मिनिटे 46 सेकंद नव्हेत. 0.460 ला 60 ने गुणले की 27.6 येतात, म्हणून ती 17 मिनिटे 27.6 सेकंद. दोन वाचनांत 18.4 सेकंदांचा फरक आहे आणि अक्षांशाचा एक सेकंद जमिनीवर जवळपास 31 मीटर भरतो. चुकीचे वाचन करणारा माणूस बादलीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक दूर, भलत्याच झाडाखाली उकरत बसेल. मोबाइल फोन बहुधा तिसरीच पद्धत वापरतात: सगळे अंशांच्याच दशांशात. त्या पद्धतीत हाच अक्षांश 45.291 असा लिहिला जातो (17.460 भागिले 60 बरोबर 0.291). एकच जागा तीन रीतींनी लिहिण्याचा हा सराव आठवी-नववीच्या मुलांना सहज जमतो. त्यातून दशमान आणि षष्टिमान पद्धतींची जी गाठ पडते, ती पाठ्यपुस्तकात क्वचितच पडते.

शेवटच्या अंकाला अर्थ किती, हेही पाहण्याजोगे आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे 1,852 मीटर; त्याचा हजारावा भाग 1.85 मीटर. रेखांशाचे मिनिट मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसे आखडत जाते. ऑरेगॉनमध्ये त्याचा हजारावा भाग 1.3 मीटरच भरतो, आपल्याकडे 19 अंश अक्षांशावर 1.75 मीटर. यंत्राची चूक काही मीटरांची असताना यापुढे आणखी अंक लिहिणे म्हणजे निव्वळ शोभा. प्रयोगवहीत दहा दशांश स्थळे उतरवून काढणारी मुले प्रत्येक शिक्षकाने पाहिलेली असतात. त्यांना हा दाखला द्यावा.

डार्टमूरची काचेची बरणी

वस्तू लपवून दुसऱ्याला शोधायला लावणे यात नवे काहीच नाही. पण वही ठेवून, अनोळखी माणसांनी पाळीपाळीने येऊन नोंद करण्याच्या प्रथेला एक निश्चित पूर्वज आहे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा उजाड, दलदलीचा माळ आहे. त्याच्या उत्तर भागात क्रॅनमिअर पूल ही पोचायला अवघड जागा. चॅगफर्ड गावचे वाटाडे जेम्स पेरट यांनी 1854 साली तिथे एक काचेची बरणी ठेवली. इथवर चालत आलेल्या पाहुण्यांनी तीत आपली ओळखपत्रे टाकायची. पुढे बरणीच्या जागी पत्र्याची पेटी आली, मग नोंदवही आली. ओळखपत्राऐवजी लोक स्वतःच्या पत्त्याची पत्रे टाकू लागले आणि पुढचा येणारा ती पोस्टात टाकू लागला. यावरून या छंदाला ‘लेटरबॉक्सिंग’ हे नाव मिळाले. डार्टमूरवर तो आजही चालतो. स्मिथ्सोनियन मासिकात 1998 साली त्यावर लेख आला आणि अमेरिकेतही त्याची लागण झाली; बादलीच्या आधी दोनच वर्षे.

डार्टमूरचे लोक जागा सांगत ती होकायंत्राच्या दिशांनी आणि खुणांनी: अमुक टेकडीचे टोक इतक्या अंशांवर, तमुक कडा इतक्या अंशांवर, तिथून इतकी पावले. म्हणजे शोधणाऱ्याला नकाशा वाचता येणे भाग होते. अल्मर यांनी दोन आकडे दिले आणि काम भागले. सोय झाली खरी, पण नकाशावाचनाचे ते कसब मागे पडले. आमच्या मते शाळेत दोन्ही रीती करून पाहाव्यात, आणि होकायंत्राची आधी.

बीप बीप ऐकणारे दोघे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. चूक मुद्दाम का मिसळली जात होती, आणि कशी?

4 ऑक्टोबर 1957 रोजी सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला. त्याचा प्रेषक 20 मेगाहर्ट्‌झच्या आसपास बोलत होता, त्यामुळे साध्या लघुलहरी रेडिओवरही तो ऐकू येई. अमेरिकेत मेरिलँडमधील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख हे दोन तरुण संशोधक तो ऐकत बसले. उपग्रह जवळ येताना त्याची कंप्रता किंचित वाढलेली आणि दूर जाताना किंचित घटलेली आढळे. शिट्टी वाजवत जाणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा जो डॉप्लर परिणाम आपण शिकवतो, तोच हा. फरक जास्तीत जास्त 500 हर्ट्‌झच्या घरातला. पण तो कोणत्या वेगाने बदलतो याचा आलेख काढला तर एकाच ठिकाणी बसून उपग्रहाची सारी कक्षा ठरवता येते, हे त्या दोघांनी दाखवून दिले.

1958 च्या मार्च महिन्यात त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅक्लूर यांनी त्यांना उलटा प्रश्न विचारला. आपली जागा माहीत असताना उपग्रहाची कक्षा काढता येते, तर उपग्रहाची कक्षा माहीत असताना आपली जागा काढता येईल का? येत होती, आणि चांगली येत होती. मॅक्लूर यांच्या डोळ्यांसमोर होत्या अण्वस्त्रे घेऊन समुद्रात फिरणाऱ्या पोलॅरिस पाणबुड्या. क्षेपणास्त्र नेमके मारायचे तर आधी स्वतःची जागा नेमकी ठाऊक हवी. यातून ट्रान्झिट ही उपग्रहमालिका उभी राहिली, 1964 पासून नौदलाच्या कामी आली आणि 1967 मध्ये नागरी जहाजांनाही खुली झाली. ट्रान्झिटला वेळ फार लागे. उपग्रह डोक्यावरून जाण्याची वाट पाहावी लागे आणि वेगवान विमानाला तिचा उपयोग नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी 1973 साली अमेरिकी संरक्षण खात्याने वेगळ्या तत्त्वावरची योजना आखली, ती जीपीएस. तिचा पहिला उपग्रह फेब्रुवारी 1978 मध्ये सुटला.

जीपीएस डॉप्लरवर नव्हे, घड्याळावर चालते. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरचा प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो: ‘मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आता इतके वाजले आहेत.’ संदेश पोचायला किती वेळ लागला यावरून ग्राहकयंत्र अंतर काढते. तीन अंतरांवरून अवकाशातला बिंदू निश्चित होतो. पण हातातल्या यंत्राचे घड्याळ स्वस्तातले, क्वार्ट्‌झचे; ते किती पुढे-मागे आहे हा चौथा अज्ञात. म्हणून चौथा उपग्रह लागतो. चार अज्ञात, चार समीकरणे.

एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, रेडिओलहर 300 मीटर जाते. त्यामुळे उपग्रहावर अणुघड्याळच हवे. आणि इथे आइन्स्टाइन मध्ये येतात. उंचीवर गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने तिथले घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे 45 मायक्रोसेकंद पुढे जाते. वेगामुळे ते 7 मायक्रोसेकंद मागे पडते. निव्वळ फरक 38 मायक्रोसेकंदांचा. तो दुरुस्त केला नाही, तर अंतरांत दिवसाला अकरा किलोमीटरांहून अधिक चूक साठत जाईल. जीपीएसची पूर्वतयारी म्हणून जून 1977 मध्ये एनटीएस-2 हा उपग्रह सोडला गेला, तेव्हा ही दुरुस्ती खरोखर लागेल याबद्दल सर्वांची खात्री नव्हती. म्हणून दुरुस्ती करणारे मंडल बसवले, पण बंद ठेवून. वीस दिवस घड्याळ तसेच चालू दिले. सापेक्षता सिद्धान्तानुसार ते दर एक लाख कोटी सेकंदांमागे सुमारे 446 सेकंद पुढे जायला हवे होते. प्रत्यक्ष मोजमाप आले सुमारे 442. मंडल सुरू करण्यात आले. सापेक्षता ही फक्त कृष्णविवरांच्या गोष्टीत उपयोगी पडते असे ज्या विद्यार्थ्यांना वाटते, त्यांना हा प्रसंग जरूर सांगावा.

269 माणसे आणि एक मुद्दामची चूक

जीपीएस लष्करासाठी जन्मले होते. ते सर्वांना खुले होण्यामागे एक दुर्घटना आहे. 1 सप्टेंबर 1983 रोजी न्यूयॉर्कहून अलास्कातील अँकरेजमार्गे सेऊलला जाणारे कोरियन एअर लाइन्सचे 007 हे उड्डाण आपल्या मार्गापासून शेकडो किलोमीटर भरकटले. स्वयंचलित चालक एकाच होकायंत्री दिशेला धरून राहिला होता आणि वैमानिकांच्या ते ध्यानी आले नाही. विमान कामचटका द्वीपकल्पावरून आणि नंतर साखालिन बेटावरून, सोव्हिएत हद्दीतून गेले. सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. 269 जण होते. कोणीही वाचले नाही. दोन आठवड्यांनी, 16 सप्टेंबरला, रेगन सरकारने जाहीर केले की जीपीएस पूर्ण झाल्यावर ते नागरी विमानांना विनामूल्य वापरता येईल.

वचन दिले, पण लष्कराच्या मनातली धास्ती गेली नाही. मुक्तपणे मिळणाऱ्या संदेशातून शत्रूचे क्षेपणास्त्रही तितकेच नेमके जाईल. त्यावर तोड काढण्यात आली ती अशी: नागरी संदेशातली वेळ हळूहळू, अनियमितपणे पुढे-मागे हलवायची. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या एक-तृतीयांशाइतकी वेळ हलली की अंतर शंभर मीटरांनी चुकते. हे हलणे कसे होत आहे याची किल्ली फक्त लष्करी यंत्रांकडे. 1990 पासून ही मुद्दामची चूक लागू झाली.

आणि लगेच तिची फजिती झाली. 1990-91 च्या आखाती युद्धात वाळवंटात उतरलेल्या अमेरिकी सैन्याकडे लष्करी ग्राहकयंत्रे पुरेशी नव्हती. बाजारातून नागरी यंत्रे घाऊक विकत घ्यावी लागली. आपलेच सैनिक वाट चुकू नयेत म्हणून ती चूक काही काळ बंद करावी लागली. पुढे त्याच देशाच्या तटरक्षक दलाने बंदरांच्या परिसरात केंद्रे उभारली. अचूक जागा ठाऊक असलेले केंद्र आपले निरीक्षण आणि आपली खरी जागा यांतला फरक मोजी आणि जहाजांना रेडिओवरून तो कळवी. म्हणजे एका खात्याने पैसे खर्चून चूक घालायची आणि दुसऱ्याने पैसे खर्चून ती काढायची. सरकारी कामकाजाची ही तऱ्हा केवळ आपल्याकडेच आहे असा कोणाचा समज असेल, तर तो दूर व्हावा.

1996 साली अमेरिकेने ही चूक दहा वर्षांच्या आत बंद करण्याचे धोरण ठरवले. एखाद्या विशिष्ट प्रदेशापुरता संदेश नाकारता येतो हे लष्कराने दाखवून दिल्यावर ती 2000 मध्येच बंद झाली. 2007 मध्ये तर पुढच्या पिढीच्या उपग्रहांवर ती सोयच ठेवणार नसल्याचे जाहीर झाले. तरीही संदेश अमेरिकेच्या हाती आहे ही वस्तुस्थिती बदलली नाही. रशियाने ग्लोनास, युरोपने गॅलिलिओ, चीनने बैदू या मालिका उभारल्या त्या याच कारणासाठी. भारताच्या प्रादेशिक मालिकेचा पहिला उपग्रह जुलै 2013 मध्ये श्रीहरिकोट्याहून सुटला. तिला 2016 साली ‘नाविक’ हे नाव मिळाले. आज फोन जेव्हा आपली जागा दाखवतो, तेव्हा तो बहुधा यांपैकी अनेक मालिकांचे उपग्रह एकदम वापरत असतो.

नियम कसे घडले

अल्मर यांचा खेळ आठवड्याभरात पसरला. नावाचा प्रश्न मात्र निघाला. सुरुवातीला वापरलेल्या ‘स्टॅश’ या इंग्रजी शब्दाला चोरट्या मालाचा वास येतो, म्हणून मे 2000 च्या अखेरीस मॅट स्टम यांनी ‘जिओकॅशिंग’ हा शब्द सुचवला. यातल्या ‘कॅश’चा रोकडीशी संबंध नाही. फ्रेंच भाषेतला हा लपवण्याचा शब्द. उत्तर अमेरिकेतले कातड्यांचे व्यापारी वाटेत परतीसाठी लपवून ठेवलेल्या शिध्याला तो वापरत. सप्टेंबर 2000 मध्ये जेरेमी आयरिश यांनी या डब्यांची जगभराची नोंद ठेवणारे संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा नोंदीत 75 डबे होते. आज ती संख्या 30 लाखांहून अधिक आहे. भारतातही डबे आहेत, पण तुरळक. 2008 मध्ये रिचर्ड गॅरियट यांनी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर एक नोंदवला. 2021 मध्ये मंगळावर उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीच्या एका उपकरणाच्या प्रमाणपट्टीवरही या छंदाची सांकेतिक खूण आहे.

पहिल्या बादलीत जे जे होते, त्यातले बरेचसे आज नियमात बसत नाही, ही गमतीची गोष्ट. पुरणे बंद, कारण शोधणारे सगळीकडे उकरत सुटतात. खाद्यपदार्थ बंद, कारण वासाने जनावरे डबा फोडतात. दोन डब्यांमध्ये किमान 161 मीटर, म्हणजे मैलाचा दहावा भाग, अंतर हवे. जागेच्या मालकाची परवानगी हवी. सर्वांत महत्त्वाचा धडा शहरांनी दिला. 2011 साली इंग्लंडमधील वेदर्बी गावात रस्त्यालगत लपवलेली अशी एक प्लॅस्टिकची डबी बॉम्ब समजून लष्करी पथकाने उडवून दिली. आपल्याकडे रेल्वे स्थानक, बसस्थानक, धरण, मंदिर, बाजार यांच्या आसपास बेवारस डबी ठेवणे हा खेळ होऊच शकत नाही. किल्ले आणि लेणी यांपैकी बहुतेक संरक्षित स्मारके आहेत. तिथला दगडही हलवायचा नाही. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नये, मग डबी ठेवणे दूरच.

सुरुवात करायची तर

पैसे फारसे लागत नाहीत. एक फोन, वही, पेन्सिल आणि शाळेचे मैदान पुरे. पण डबी लपवण्याआधी एक प्रयोग करावा असे आम्ही सुचवतो. मैदानात उघड्या आकाशाखाली एका खुंटीवर फोन ठेवून तासाभरात वीस वेळा अक्षांश-रेखांश टिपावेत, मिनिटाच्या हजाराव्या भागापर्यंत. मग ते आलेखकागदावर मांडावेत. ठिपके एका बिंदूवर पडणार नाहीत. त्यांचा पुंजका होईल. हाच प्रयोग वडाखाली आणि शाळेच्या भिंतीला लागून करावा. पुंजका पसरतो आणि भिंतीजवळ तो बहुधा एका बाजूला सरकतो, कारण काही लहरी भिंतीवरून उलटून, लांबच्या वाटेने येतात. मुद्दामची चूक गेली, तरी वातावरणाच्या विद्युत्‌भारित थराने, पानांनी आणि भिंतींनी केलेली चूक शिल्लक असते. ती उघड्यावर साधारण पाच मीटरांची, म्हणजे गुंठाभर जागेतली. मुलांना त्रुटी या शब्दाचा अर्थ या ठिपक्यांतून कळतो.

त्यानंतर डबी. एका गटाने लपवावी, जागेची दहा-वीस वाचने घेऊन सरासरी काढावी आणि दुसऱ्या गटाला फक्त आकडे व एखादी खूण द्यावी. शोधणारी मुले सुरुवातीला फोनच्या पडद्याकडे पाहत गोलगोल फिरतात. शेवटच्या दहा मीटरांत यंत्राची माहिती संपलेली असते. तिथे फोन खिशात घालून आजूबाजूला पाहायचे असते. कोणता दगड अलीकडे हलवलेला दिसतो, कोणत्या ढोलीसमोरचे गवत दबले आहे. आणखी एक सूचना, आणि ही हसण्यावारी नेऊ नये: कोकणातल्या जांभ्या दगडांत फुरसे असते, देशावर बांधाच्या कडेला घोणस. कपारीत हात घालण्यापूर्वी काठी घालावी, आणि डबी मुळात हात आत न घालता दिसेल अशीच ठेवावी.

डबीशिवायही हा छंद करता येतो. अमेरिकेच्या भूविज्ञान संस्थेने जानेवारी 2004 मध्ये ‘अर्थकॅश’ ही रीत सुरू केली. पहिली जागा ऑस्ट्रेलियात होती. यात काहीही लपवलेले नसते. आकडे घेऊन त्या ठिकाणी जायचे आणि तिथला खडक किंवा भूरूप पाहूनच ज्यांची उत्तरे मिळतील, अशा प्रश्नांची उत्तरे द्यायची. महाराष्ट्राला ही रीत फारच सोयीची. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवरचे बेसाल्टचे खांब किती कोनांचे? निघोजला कुकडी नदीच्या पात्रातल्या रांजणखळग्यांच्या तळाशी गोटे सापडतात का, आणि कोणत्या आकाराचे? (निघोजला उन्हाळ्यातच जावे, पाणी सोडलेले नाही याची खात्री करून.) असे प्रश्न शिक्षकाने स्वतः आधी जाऊन, पाहून तयार करावे लागतात, पुस्तकातून उतरवलेला प्रश्न मुले घरी बसून सोडवतात.

एक अडचण पुढे येईल, तिचे कारण आधीच सांगून ठेवतो. शाळेच्या कपाटात भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना स्थलनिर्देशक नकाशा असेल आणि फोनवरचे आकडे त्यावर मांडले, तर बिंदू बरोबर जागी पडत नाही. फोन बिघडलेला नसतो आणि नकाशाही खोटा नसतो. विल्यम लॅम्टन यांनी 1802 साली मद्रासजवळून जे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले, ते जॉर्ज एव्हरेस्ट यांनी पुढे नेले, आणि त्या मोजमापांवरून 1830 साली पृथ्वीचा आकार ठरवला. भारताला चपखल बसणारा हा आकार जुन्या नकाशांचा पाया आहे. जीपीएसचा आकार सबंध पृथ्वीला बसवलेला, केंद्रही वेगळे. 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठी निघालेले नकाशे जीपीएसच्याच पायावर आहेत, पण कपाटातले बहुधा त्याआधीचे असतात. महाराष्ट्रात दोन पायांमधला फरक शे-दीडशे मीटरांच्या आसपास येतो. म्हणजे मे 2000 पूर्वीच्या त्या चुकीपेक्षा कमी नाही. फरक एवढाच, की ती चूक क्षणोक्षणी बदलत होती आणि हा फरक एका परिसरात जवळपास सारखाच राहतो. गावातल्या देवळाचा कळस, विहीर, चौक अशा नकाशावर नेमक्या दाखवलेल्या तीन-चार जागी फोन घेऊन उभे राहावे आणि उत्तरेकडे किती, पश्चिमेकडे किती, हे मोजून ठेवावे. लॅम्टन यांचे 20 जानेवारी 1823 रोजी सर्वेक्षण करत उत्तरेकडे सरकत असतानाच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला निधन झाले. त्यांची कबर तिथेच आहे. त्या बाजूच्या शाळांना हे मोजमाप सुरू करायला तीच जागा घेता येईल.